मेंदूचा एमआरआय नॉर्मल, मग बिघाड कुठे?

प्रश्न असा आला आहे: मज्जासंस्थेची रचना आणि कार्य पुस्तकात वाचलं, भागांची नावं पाठ झाली, पण हे सगळं एकमेकांना कसं जोडलेलं आहे ते डोक्यात बसत नाही. सोबत एक घरचा प्रश्नही आहे. वडिलांना बरीच वर्षं मधुमेह आहे. वर्षभरापासून दोन्ही पावलांना मुंग्या येतात, रात्री तळपायांची आग होते. मेंदूचा एमआरआय काढला, तो नॉर्मल. पायांच्या नसांची करंट लावून तपासणी केली, तीही नॉर्मल. तरी डॉक्टर म्हणतात, आजार नसांचाच आहे. हे कसं काय?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या पोटात आहे, म्हणून आधी रचना पाहू. मी मेंदू आणि मज्जातंतूंचे आजार तपासण्यात पंचवीसेक वर्षं घालवली आहेत. रचना मलाही कॉलेजात पाठच करावी लागली होती. ती कळली मात्र नंतर, पेशंटसमोर बसल्यावर. म्हणून त्याच वाटेने सांगतो.

त्याआधी शब्दांचा एक गुंता सोडवायला हवा. 'नस' आणि 'शीर' हे शब्द आपण निदान तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो. सलाईन लावताना 'शीर सापडत नाही' म्हणतात ती रक्तवाहिनी. 'मेंदूतली नस फुटली' तीही रक्तवाहिनीच. रात्री पोटरीत गोळा आला की 'शिरेवर शीर चढली' म्हणतो, तिथे स्नायू आखडलेला असतो. एकीवर दुसरी शीर वगैरे काही चढत नाही. आणि 'कंबरेत नस दबली' म्हणतो तेव्हा मात्र खरोखरच मज्जातंतू. रक्तवाहिनी पोकळ नळी असते, आतून रक्त वाहतं. मज्जातंतू पोकळ नसतो. तो पांढरट, चिवट दोरासारखा असतो आणि त्याच्या आत हजारो बारीक धागे एकत्र बांधलेले असतात. त्यातून वाहत काही नाही, धावतो तो फक्त संदेश. नुसत्या या एका घोळामुळे पेशंट 'नसा मोकळ्या करायचं औषध द्या' म्हणतो आणि डॉक्टर वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत राहतात.

तसाच दुसरा घोळ पाठीचा कणा आणि मज्जारज्जू यांचा. कणा म्हणजे हाडं, मणक्यांची माळ. मज्जारज्जू या माळेच्या आतल्या पोकळीतून खाली उतरणारा मज्जापेशींचा आणि तंतूंचा दोर, जेमतेम करंगळीएवढा जाड आणि मोठ्या माणसात सुमारे ४५ सेंटीमीटर लांब. कणा त्याहून बराच लांब असतो. त्यामुळे मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि त्याखाली फक्त मज्जातंतूंचा झुपका लोंबत असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. वैद्यकशास्त्रातलं त्याचं लॅटिन नावही घोड्याची शेपटी असंच आहे. पाठीतलं पाणी तपासायला काढायचं म्हटलं की घरचे घाबरतात, सुई लागून माणूस लुळा होईल म्हणून. पण ती सुई मुळात तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे घालतात. तिथे मज्जारज्जू नसतोच. पाण्यात तरंगणारे तंतू असतात आणि ते सुईच्या टोकापुढून बाजूला सरकतात.

आता आमच्या कामाची पद्धत. पेशंट समोर बसला की 'काय झालं असेल' हा प्रश्न आम्ही दुसरा विचारतो. पहिला प्रश्न असतो, 'कुठे?' मेंदूत, मज्जारज्जूत, रज्जूतून बाहेर पडणाऱ्या मुळाशी, लांब मज्जातंतूत, तंतू आणि स्नायू भेटतात त्या सांध्यात, की खुद्द स्नायूत? 'हात उचलत नाही' ही एकच तक्रार या सहाही जागांहून येऊ शकते. प्रत्येक जागेची खूण वेगळी असते आणि त्या खुणा म्हणजेच मज्जासंस्थेची रचना.

जागा मांडून घेऊ. कवटीत मेंदू, साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा. त्याच्याखाली मज्जारज्जू. हे दोन मिळून केंद्रीय मज्जासंस्था. मेंदूतून थेट मज्जातंतूंच्या १२ जोड्या बाहेर पडतात, त्या डोळे, चेहरा, कान, जीभ, घसा वगैरे सांभाळतात. त्यातली दहावी, व्हेगस, पार छाती आणि पोटापर्यंत भटकत जाते. मज्जारज्जूतून ३१ जोड्या निघतात: मानेत ८, छातीच्या भागात १२, कंबरेत ५, त्याखालच्या त्रिकास्थीत ५ आणि माकडहाडाशी १. या सगळ्या मिळून परिघीय मज्जासंस्था. रज्जूतल्या प्रत्येक मज्जातंतूला दोन मुळं असतात. पुढच्या मुळातून हुकूम बाहेर जातो, मागच्या मुळातून खबर आत येते. हा नियम एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल आणि माजांदी यांनी दाखवून दिला आणि तो माझ्या मते या विषयातला पाठ करण्यासारखा पहिला नियम आहे. कंबरेतली चकती सरकून मागचं-पुढचं मूळ एकत्र दबलं तर कळ पायात एका ठराविक पट्ट्यातच उतरते, कारण प्रत्येक मुळाचा त्वचेवरचा इलाखा ठरलेला आहे. पेशंटने बोटाने कळेची रेघ दाखवली की एमआरआयच्या आधीच कितवं मूळ ते बऱ्याचदा कळतं. कळ करंगळीकडे जात असेल तर एक, अंगठ्याकडे जात असेल तर दुसरं.

आता या दोराच्या आत डोकावू. मूळ घटक मज्जापेशी, म्हणजेच न्यूरॉन. शाळेत ती चेतापेशी म्हणून भेटते. पेशीचं एक अंग, त्याला झाडाच्या फांद्यांसारखे फुटलेले छोटे तंतू आणि एक लांब शेपूट, अक्षतंतू. फांद्यांनी ऐकायचं, शेपटीने सांगायचं. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८६०० कोटी पेशी आहेत. गंमत अशी की त्यातल्या जवळजवळ ६९०० कोटी एकट्या लहान मेंदूत आहेत आणि ज्याच्या जोरावर आपण विचार करतो त्या मोठ्या मेंदूच्या सालीत १६०० कोटींच्या आसपास. या पेशींना सांभाळणाऱ्या, खाऊपिऊ घालणाऱ्या, साफसफाई करणाऱ्या आधारपेशी वेगळ्या.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, शेवटी तिचीच गरज पडणार आहे. पेशीचं अंग मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या घरात, उघड्या डोळ्यांना दिसणारही नाही. आणि शेपूट? पावलाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या पेशीचं अंग कंबरेजवळ आणि शेपटीचं टोक अंगठ्यात. एका पेशीची लांबी एक मीटर. त्या टोकाला लागणारी प्रथिनं तयार होतात कंबरेजवळ आणि शेपटीच्या आतल्या सूक्ष्म रुळांवरून वाहून नेली जातात. हा प्रवास दिवसाला एखाद-दोन मिलिमीटरपासून चाळीसेक सेंटीमीटरपर्यंत, मालावर अवलंबून.

संदेश जातो तो कसा? लोक 'करंट' म्हणतात आणि अर्धं बरोबर आहे. पण हा तारेतला करंट नव्हे. पेशीच्या पडद्याच्या आतबाहेर क्षारांचं प्रमाण वेगळं ठेवलेलं असतं: बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. त्यामुळे आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. म्हणजे पेशी गप्प असतानाही ताणलेल्या धनुष्यासारखी तयार. पुरेसा धक्का बसला की पडद्यातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, क्षणभर विद्युतभार उलटा होतो. लगेच ती दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि गाडी पूर्ववत. हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आसपास उरकतं. शेजारचा पडदा त्याच धक्क्याने जागा होतो, मग त्याच्या शेजारचा. उभ्या लावलेल्या पत्त्यांतला एक पाडला की पुढचे आपोआप पडत जातात, तसंच. फक्त इथे पडलेले पत्ते स्वतः पुन्हा उभे राहतात. हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाडजूड अक्षतंतूवर प्रयोग करून याचं गणित १९५२ साली मांडलं आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

संदेश एकतर पूर्ण जातो नाहीतर जातच नाही, मधलं काही नसतं. मग हलका स्पर्श आणि जोराचा दाब यांतला फरक कसा कळतो? संदेशाच्या उंचीवरून नाही, संख्येवरून. जोर जास्त तर सेकंदाला संदेश जास्त आणि जाग्या झालेल्या तंतूंची गर्दीही जास्त. आणि प्रत्येक वेळी क्षार जागच्या जागी परत ठेवायचे तर त्याचा खर्च आहे. हे काम करणारा पंप एका फेरीत तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि सतत चालू असतो. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरतं त्या ऊर्जेतला साधारण २० टक्के वाटा त्याचा, आणि त्यातला मोठा हिस्सा या पंपांवर जातो. पुंजी काही साठवलेली नसते. मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते, ती याचमुळे.

वेगाची गोष्ट मला फार आवडते. संदेश इतका झटपट जातो की तो मोजताच येणार नाही असं एकेकाळी मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ मानत होते. हेल्महोल्ट्झने १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजून दाखवला: सेकंदाला सुमारे २७ मीटर. प्रकाश, वीज यांच्यापुढे हे काहीच नाही. माणसातले सर्वांत वेगवान तंतू सेकंदाला १२० मीटरपर्यंत पोहोचतात, सर्वांत मंद तंतू जेमतेम एक मीटर. फरक कशाने? जाडीने, आणि मायलिनने. मायलिन म्हणजे अक्षतंतूभोवती गुंडाळलेलं चरबीयुक्त आवरण. ते सलग नसतं, मधे मधे उघड्या फटी असतात. संदेश एका फटीतून पुढच्या फटीत उड्या मारत जातो, म्हणून वेळ वाचतो. हे आवरण केंद्रीय मज्जासंस्थेत एका प्रकारच्या पेशी चढवतात, बाहेरच्या तंतूंवर दुसऱ्याच प्रकारच्या. त्यामुळे मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार मेंदू आणि रज्जूतलं मायलिन कुरतडतो पण हातापायातल्या तंतूंना सोडून देतो. गियाँ बारे सिंड्रोममध्ये बरोबर उलटं.

वेगातला हा फरक तुम्ही स्वतः अनुभवलेला आहे. पायाच्या अंगठ्याला ठेच लागते तो क्षण आठवा. आधी नुसतं 'लागलं' एवढंच कळतं. पाठोपाठ एक तीक्ष्ण कळ. मग एक विचित्र पोकळी येते, माणूस पाय धरून उभा राहतो आणि मनात म्हणतो, 'आता दुखणार.' आणि खरोखरच, सेकंदभराने ती खोल, ठणकणारी, जळजळती वेदना येऊन पोहोचते. स्पर्श जाड मायलिनवाल्या तंतूंवरून आला, तीक्ष्ण कळ पातळ मायलिनच्या तंतूंवरून आणि ठणका आला तो मायलिन नसलेल्या सगळ्यांत बारीक तंतूंवरून, सेकंदाला मीटरभर चालीने. अंगठ्यापासून कंबर मीटरभर. हिशोब जुळतो की नाही? आणि ठेच लागल्यावर आपण ती जागा चोळतो, त्यालाही अर्थ आहे. चोळण्याचा स्पर्श जाड तंतूंवरून रज्जूत पोहोचतो आणि तिथल्या छोट्या पेशी वेदनेची वाट थोडी अडवतात. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये या कल्पनेला 'फाटका'ची उपमा दिली. त्यांनी काढलेल्या जोडण्यांचा तपशील पुढे बराच बदलला, पण रज्जूत वेदनेला कमीजास्त करता येतं ही मूळ गोष्ट टिकली.

शेपटीच्या टोकाशी संदेश पोहोचला की पुढे दरी आहे. एका पेशीचं टोक आणि दुसरीची फांदी यांच्यात सुमारे २० नॅनोमीटरची फट असते, तिला सिनॅप्स म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यावर दोन शास्त्रज्ञांचं मोठं भांडण होतं. गोल्जीचं म्हणणं, हे सगळं एकच सलग जाळं आहे. काहालचं म्हणणं, प्रत्येक पेशी सुटी आहे. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं आणि गोल्जीने आपल्या भाषणात काहालच्या मताविरुद्धच बाजू मांडली. काहाल बरोबर होता, पण ज्या रंगप्रक्रियेच्या आधारे त्याला पेशी दिसल्या ती गोल्जीची होती.

फट ओलांडायची ती रसायनाने. ओटो लोवीने १९२१ मध्ये हे फार साध्या प्रयोगाने दाखवलं. बेडकाचं हृदय क्षाराच्या पाण्यात ठेवून त्याच्या व्हेगस तंतूला उत्तेजना दिली, हृदय मंदावलं. ते पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं, तेही मंदावलं. तंतूला हात न लावता! म्हणजे तंतूने पाण्यात काहीतरी सोडलं होतं. ते होतं असिटिलकोलिन. आपल्या प्रत्येक हालचालीत शेवटचा हुकूम मज्जातंतू स्नायूला याच रसायनाने देतो. मायस्थेनिया नावाच्या आजारात स्नायूवरचे या रसायनाचे ग्राहक, म्हणजे ते झेलणारे रेणू, शरीर स्वतःच नष्ट करतं. असा पेशंट सकाळी ठीक दिसतो, संध्याकाळी पापण्या मिटू लागतात, जेवताना चावून चावून जबडा थकतो. सतत वापराने वाढणारी आणि विश्रांतीने ओसरणारी कमजोरी ऐकली की आमचं बोट नकाशात थेट त्या सांध्यावर जातं. मेंदूवर काम करणारी बहुतेक औषधं, झोपेची, नैराश्याची, कंपवाताची, या फटींमध्येच कुठे ना कुठे ढवळाढवळ करतात.

आता हातोडी. गुडघ्यावर हातोडी मारतात तेव्हा नेमकं काय तपासतात, असं पेशंट कधीकधी हसत विचारतात. पेशंटला टेबलाच्या कडेला बसवतो, पाय लोंबते, वाटीच्या खालच्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीवर, हलका फटका. मांडीचा स्नायू क्षणभर ताणला जातो, त्याची खबर मागच्या मुळातून कंबरेच्या तिसऱ्या-चौथ्या मुळांच्या पातळीवर रज्जूत शिरते, तिथेच एका सिनॅप्समधून पुढच्या मुळाच्या पेशीला मिळते आणि पाय उडतो. मेंदूला विचारलेलंच नसतं. कढत भांड्यावरून हात मागे येतो तोही असाच, फक्त त्यात मधे आणखी काही पेशी असतात. 'भाजलं' हे मेंदूला कळतं तोवर हात निघालेला असतो.

पण मेंदूला विचारलेलं नसलं तरी त्याचा वचक असतो, आणि हातोडीची खरी किंमत इथे आहे. मेंदूतून रज्जूकडे येणारी वाट तुटली की हा वचक जातो आणि पाय जास्तच जोरात उडतो, स्नायू ताठरतात. उलट रज्जूतली शेवटची पेशी किंवा तिचा तंतूच गेला तर पाय हलत नाही, स्नायू लिबलिबीत होतो आणि वाळतो. पोलिओत हेच होतं, विषाणू नेमक्या रज्जूच्या पुढच्या भागातल्या पेशींवर तुटून पडतो. दोन्ही पेशंट म्हणतात 'पायात ताकद नाही'. एक फटका, आणि बिघाड त्या शेवटच्या पेशीच्या वर की तिच्यापासून खाली ते कळलं. तळव्याच्या बाहेरच्या कडेने किल्लीच्या टोकासारखं काही ओढलं की मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. तो वर उठला तर मेंदूकडून येणारी वाट बिघडलेली. बाबिन्स्कीने १८९६ मध्ये सांगितलेली ही खूण आजही एका पैशाचं यंत्र न लावता तितकंच काम करते. तान्ह्या बाळाचा अंगठा मात्र वरच उठतो आणि ते नॉर्मल असतं, कारण त्या वाटेवर मायलिन अजून पुरतं चढलेलं नसतं.

मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वाटा कुठे ओलांडतात, हे फार थोड्यांना. हालचालीची वाट मेंदूच्या बुंध्याच्या, म्हणजे मेंदू आणि रज्जू यांना जोडणाऱ्या देठाच्या, तळाशी, रज्जू सुरू व्हायच्या जरा आधी ओलांडते. अंगठा वर आहे की खाली, हाडाला कंप जाणवतो का, ही खबर रज्जूच्या मागच्या भागातून त्याच बाजूने वर चढते आणि तीही बुंध्यातच ओलांडते. वेदना आणि ऊनथंड मात्र रज्जूत शिरल्या शिरल्या पलीकडे जातात. म्हणून छातीच्या पातळीवर रज्जूचा फक्त डावा अर्धा भाग कापला गेला तर डावा पाय लुळा पडतो, त्या पायात कंप कळत नाही, पण टाचणी कळते. आणि धडधाकट उजव्या पायात टाचणी कळत नाही. पहिल्यांदा असा पेशंट पाहिला तेव्हा मी टाचणी तीनदा टोचून पाहिली, माझंच काही चुकतंय वाटून. नकाशा माहीत नसेल तर ही तक्रार बनावट वाटेल.

चेहरा हे दुसरं उदाहरण. तोंड एका बाजूला वाकडं झालं की घरात पहिला शब्द येतो लकवा. पेशंटला मी कपाळाला आठ्या घालायला सांगतो. कपाळाच्या वरच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम येतो, गालाच्या खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध अर्धाकडूनच. त्यामुळे मेंदूच्या झटक्यात ओठ वाकडा होतो पण आठ्या दोन्ही बाजूंना पडतात. चेहऱ्याचा मज्जातंतूच सुजला असेल तर त्या बाजूला आठीही पडत नाही, डोळाही मिटत नाही. अर्थात ही परीक्षा घरी करून कुणी निर्धास्त राहू नये. तोंड वाकडं होणं, हात गळून जाणं, बोलणं अडखळणं यांपैकी काहीही अचानक झालं तर थेट हॉस्पिटल गाठायचं. मोठी रक्तवाहिनी अडकलेल्या झटक्यात मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी मरतात, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

मेंदूचे भाग पुस्तकात सविस्तर असतात, म्हणून मी भरभर जातो. पुढचा भाग योजना, संयम आणि हालचाल. बाजूचा ऐकणं आणि आठवण. वरचा-मागचा स्पर्श आणि जागेचं भान. सर्वांत मागचा दृष्टी. ब्रोकाने १८६१ मध्ये 'टॅन' एवढंच बोलू शकणाऱ्या पेशंटचा मेंदू तपासला आणि बिघाड डाव्या बाजूला पुढे सापडला, तिथून भाषेची जागा ठरत गेली. पण कप्पे फार काटेकोर समजू नका. काम जागेत असतं तितकंच जागांमधल्या दोऱ्यांत असतं. लहान मेंदू ताकद देत नाही, माप देतो: तो बिघडला तर हात उचलतो पण नाकाला लावायला जातो तो गालावर जातो. मेंदूचा बुंधा श्वास, गिळणं आणि जाग यांचा रखवालदार. तिथला वाटाण्याएवढा घाव कपाळामागच्या लिंबाएवढ्या गाठीपेक्षा घातक ठरू शकतो.

उरली स्वायत्त मज्जासंस्था, आपल्याला न विचारता चालणारी. अनुकंपी शाखा छाती आणि कंबरेच्या पातळीवरून निघते, परानुकंपी वरून बुंध्यातून आणि खालून त्रिकास्थीतून. पुस्तकं त्यांना 'लढा किंवा पळा' आणि 'आराम' अशी लेबलं लावतात. ठीक आहे, पण त्यांचं रोजचं काम बरंच साधं आहे. तुम्ही झोपेतून उठून उभे राहता तेव्हा अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. तरी चक्कर येत नाही, कारण मानेतल्या रक्तवाहिनीतल्या संवेदकांनी खबर दिली, बुंध्याने ती वाचली आणि अनुकंपी तंतूंनी खालच्या वाहिन्या आवळल्या. हे तंतू बिघडलेला माणूस उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. आतड्यांच्या भिंतीत तर स्वतःचं वेगळं मज्जाजाळं आहे, मेंदूशी संबंध तोडला तरी ते अन्न पुढे ढकलत राहतं.

आता तुमचे वडील.

मेंदूचा एमआरआय मेंदू दाखवतो. दोन्ही पावलांना, दोन्हीकडे सारख्याच मुंग्या, वर हातांना काही नाही, चेहऱ्याला काही नाही, हा नमुना मेंदूच्या नकाशात बसत नाही. मेंदूतला बिघाड सहसा एक बाजू धरतो. एक मूळ दबलं असतं तर एका पायात एक पट्टा दुखला असता. मग दोन्ही पायांच्या टोकांशी समान असं काय आहे? लांबी. शरीरातल्या सर्वांत लांब तंतूंची टोकं तिथे आहेत, कंबरेजवळच्या त्या सूक्ष्म अंगापासून मीटरभर दूर. बरीच वर्षं वाढलेली साखर पेशीचा कारभार आणि तंतूला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या, दोन्ही बिघडवते. रसद कमी पडली की सर्वांत दूरचं ठाणं आधी पडतं. म्हणून सुरुवात बोटांपासून होते आणि त्रास मोजा चढवल्यासारखा वर सरकतो. तो गुडघ्याच्या आसपास पोहोचला की बहुधा हातांच्या बोटांनाही सुरू होतो, कारण तेवढ्या लांबीचे तंतू तिथे जातात.

आणि करंटची तपासणी नॉर्मल का? ती तपासणी जाड, वेगवान तंतूंचीच असते. आग, टोचणी आणि ऊनथंड वाहणारे बारीक तंतू इतके मंद आणि त्यांचा संदेश इतका क्षीण की त्या यंत्राला ते दिसतच नाहीत. आजार बारीक तंतूंपासून सुरू झाला असेल तर रिपोर्ट निर्मळ आणि पाय पेटलेले, असं होतंच. तुमच्या डॉक्टरांनी रिपोर्टपेक्षा नकाशावर विश्वास ठेवला, ते योग्य केलं. माझ्या टेबलावर अशा वेळी तीन गोष्टी असतात: टाचणी, थंड धातूचा तुकडा आणि १२८ हर्ट्झचा कंपनकाटा. काटा वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवतो आणि म्हणतो, 'थरथर थांबली की सांगा.' पेशंट 'थांबली' म्हणतो, मी काटा लगेच स्वतःच्या बोटावर ठेवतो. माझ्या बोटाला तो अजून बराच वेळ थरथरत असेल तर जाड तंतूंवरही आजाराची पावलं पडू लागलीत.

वडिलांसाठी दोन गोष्टी डॉक्टरांशी बोलून ठरवा. एक, बी-१२ ची तपासणी, विशेषतः ते मेटफॉर्मिन घेत असतील तर. त्या गोळीने बी-१२ कमी होऊ शकतं, त्यानेही नेमका असाच त्रास होतो आणि तो भरून काढता येतो. दोन, आग कमी करणारी औषधं वेगळी असतात, साध्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे फारसा उपयोग नाही, त्या स्वतःहून घेत राहू नका. मूत्रपिंडाला मात्र त्रास होईल. साखर आटोक्यात आली तरी मुंग्या महिनाभरात जातील अशी आशा धरू नका. बाहेरचा मज्जातंतू वाढलाच तर दिवसाला एखादा मिलिमीटर वाढतो. आणि आजपासून रोज रात्री त्यांचे तळपाय उजेडात, बोटांच्या बेचक्यांसकट, तुम्ही स्वतः पाहा. त्या पायांना खडा टोचला तर कळवणारे तंतूच आता कमी झालेले आहेत.